दगडाची जागा

एडसेलने पाण्याबाहेर डोके काढले, तोंडातली नळी बाजूला केली आणि होडीच्या कडेवर कोपर टेकवून एकच शब्द उच्चारला, "वाळू."

"नुसती वाळू?" काईने विचारले.

"नुसती. सपाट, स्वच्छ, कुणी नुकतीच झाडून काढावी तशी. दगडाला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही."

होडीच्या दुसऱ्या टोकाला उबाल्डो मार्टिस बसला होता. त्याने डोळे मिटले. एडसेल पाण्यात उतरण्यापूर्वी त्याने त्याला सगळे पढवले होते: हळू उतर, लांबवर पोटावर पड, श्वास अगदी बारीक घे, आणि काहीही दिसले नाही तरी थांबून राहा. एडसेल हा बांधकामाच्या ठेक्यांवर बुड्या मारणारा गडी. तो सिमेंटचे पोते टाकावे तसा खाली गेला होता आणि बुडबुड्यांचा धबधबा सोडत वर आला होता.

"खाली थांबलास किती?" उबाल्डोने विचारले.

"थांबायला तिथं काय बस यायची होती, ओमो?"

काई खो खो हसला. ओमो म्हणजे काका. वयाने मोठ्या माणसाला या बेटावर असेच म्हणतात. एडसेलच्या तोंडी मात्र तो मान उबाल्डोला टोमण्यासारखा लागला.

"झालं तर मग," काई म्हणाला. "स्वा, आता तरी समाधान झालं ना तुझं?"

या बोनेर बेटावर बहिणीचा नवरा बायकोच्या भावाला आणि बायकोचा भाऊ बहिणीच्या नवऱ्याला 'स्वा' म्हणतो, आणि दोघांचे जमत असो वा नसो, म्हणतोच. काई हा उबाल्डोच्या बायकोचा, निल्व्हाचा, धाकटा भाऊ. 

दोष काईचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरले असते, आणि उबाल्डोला नेमके तेच जास्त टोचत होते. वर्षभर या बेटावर वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेचा किनारा निवांत असतो आणि कोळी आपल्या होड्या काठाजवळच बांधून निर्धास्त झोपतात. मात्र दूर उत्तरेकडून एखादे मोठे वादळ निघून गेले की वारा फिरतो आणि पश्चिमेकडून लाटा येऊन त्याच होड्यांना किनाऱ्यावरच्या पोवळ्याच्या खडकावर आपटतात. मागच्या उलट्या वाऱ्यात काईच्या होडीच्या बरगड्या मोडल्या होत्या. त्यानंतर धक्क्यावरच्या कोळ्यांनी ठरवले, की काठापासून दूर, जरा खोल पाण्यात एक जबरदस्त दगड बसवायचा आणि वादळाची चाहूल लागताच सगळ्या होड्या तिथे नेऊन बांधायच्या. दगड म्हणजे काँक्रीटचा ठोकळा. तो ओतून दिला होता उबाल्डोनेच. तरुणपणी तो तांत्रिक विद्यालयात शिकला, मग मिठागराच्या कार्यशाळेत फिटर म्हणून राबला, आणि नोकरी सोडल्यावर पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणण्याचे काम करू लागला. सिमेंट, खडी आणि पाणी यांचे प्रमाण त्याने असे काटेकोर ठेवले होते, की तो दगड त्याच्या नातवंडांच्याही पुढे टिकावा. साखळी अडकवण्याची जाड कडी त्यानेच बसवली होती आणि त्या कडीची पेचाची खीळही त्यानेच कातली होती.

दगड कुठे बसणार, हे त्याला काँक्रीट वाळून टणक झाल्यावर कळले.

ती जागा त्याला स्वतःच्या अंगणासारखी ठाऊक होती. या समुद्रात त्याने पाहुण्यांना वाम या सापासारख्या लांबट माशाच्या नाना जाती दाखवल्या होत्या. कपारीतून तोंड वासून पाहणारी मांडीएवढी हिरवी वाम दिसली की पाहुणे एकमेकांना बिलगत. ठिपक्यांची वाम होती, साखळीच्या नक्षीची होती, शेपटीचे टोक सोन्यात बुडवल्यासारखी होती. पिवळ्या ठिपक्यांची, टोकदार शेपटीची वाम भर दुपारी वाळूवरून सरपटत निघाली की पाहुणे हटकून 'साप, साप' अशा खुणा करीत, आणि वर आल्यावर उबाल्डो त्यांना हटकून सांगे, की इथल्या समुद्रात साप नाहीत. त्याचा जीव मात्र जडला होता तो सगळ्यांत साध्या जातीवर. धक्क्यासमोर सहा-सात वाव, म्हणजे चाळीसेक फूट पाण्याखाली वाळूचे एक मैदान होते आणि त्या मैदानात शेकडो बारीक, करड्या वामा आपापल्या बिळात शेपूट रोवून उभ्या असत. प्रवाहाकडे तोंड करून त्या डुलत, वाहत येणारा बारीक चारा टिपत, आणि जन्मभर ते बीळ सोडत नसत. कुणी जवळ आले की पहिली रांग खाली सरके, मग दुसरी, मग तिसरी, आणि अखेर उरे ती फक्त वाळू.

दगडाखाली त्यातल्या थोड्याच चिरडल्या जातील, हे उबाल्डो जाणून होता. त्याला भय होते ते साखळीचे. वाऱ्याबरोबर होड्या फिरणार, त्यांच्याबरोबर जड साखळी वाळू खरवडत फिरणार, आणि एका वर्षात सगळे मैदान नांगरून निघणार.

रविवारी काई नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला आला. निल्व्हाने कादुशीचे, म्हणजे निवडुंगाचे सूप केले होते, सोबत तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची घट्ट उकड, फुंची. उबाल्डोने जेवण सुरू होण्याआधीच फोनवरचे चित्रण काईपुढे धरले. त्याने ते लांबून, श्वास कोंडून घेतले होते. त्याहून जवळ जाणे शक्यच नव्हते.

काईने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. "हे गवत आहे."

"गवत नाही. वामा आहेत. नीट बघ, डोकी दिसतात."

"स्वा, मी दुधाचे दात पडायच्या आधीपासून गवत बघतोय. हे पलीकडच्या खाडीतलं गवत. तिकडं जाऊन काढलंस आणि मला आमच्या धक्क्यासमोरचं म्हणून दाखवतोस?"

"मी खोटं बोलतोय का?"

"तू खोटं बोलत नाहीस. तू चुकतोस आणि बरोबर असल्यासारखं बोलतोस. ते जास्त वाईट."

उबाल्डोने एका पाहुण्याने पाठवलेले छायाचित्र काढले. त्यात एका वामेचे तोंड अगदी जवळून दिसत होते, मोठ्या डोळ्यांचे आणि कायम रुसल्यासारखे.

"ही एक आहे," काई म्हणाला.

"शेकडो आहेत!"

"मग फोटोत एकच कशी? आणि असल्या शेकडो, तरी काय? वामेला शेपूट आहे, पोहता येतं. दगड आला की बाजूला सरकेल. सरकणाऱ्याला समुद्रात जागा काय कमी? माझ्या होडीला पोहता येत नाही, स्वा. ती खडकावर फुटते."

"ती बीळ सोडत नाही, काई. म्हणून तर…"

"सूप निवतंय," निल्व्हा म्हणाली.

काईने चमचा भरून उंच धरला. सुपाची बुळबुळीत तार ताटलीपर्यंत लोंबली. "ही बघ तुझी वाम. कितीही धरा, हातात म्हणून येत नाही."

उबाल्डोने चमचा खाली ठेवला. रागापेक्षा त्याला एक वेगळाच, हतबल करणारा वैताग आला होता. आयुष्यभर तो यंत्रांशी वागला होता. यंत्र बिघडले की उघडावे, दोष दाखवावा, पाहणारा मान डोलावतो. इथे मात्र दाखवायची वस्तूच अशी, की साक्षीदार नेला की ती नाहीशी व्हावी.

"मग तू स्वतः ये खाली," तो म्हणाला. "माझ्याबरोबर. टाकी मी देतो."

"मी? पाठीवर लोखंड बांधून?"

"भितोस," निल्व्हा शांतपणे म्हणाली. "लहानपणी विहिरीतल्या बेडकालाही भ्यायचास."

"तो बेडूक मोठा होता!" काई उसळून म्हणाला, आणि बहिणीपुढे हरल्यामुळेच यायला कबूल झाला.

ती बुडी उबाल्डो जन्मात विसरणार नव्हता. काई पाण्याच्या पृष्ठभागावरचा राजा होता. खाली तो दोरी तुटलेल्या पिंपासारखा गडगडला. उबाल्डोने त्याला हाताला धरून मैदानापासून बऱ्याच अंतरावर वाळूत पालथा निजवला आणि निश्चल राहण्याची खूण केली. काईने मान हलवली. मग त्याने काच पुसण्यासाठी हात वर केला, मग पट्टा सैल केला, मग कसलासा शिंपला उचलला, मग उबाल्डोकडे वळून 'कुठे?' असे हातवारे केले. प्रत्येक श्वासाला त्याच्या नळीतून भट्टीच्या भात्यासारखा आवाज निघत होता आणि बुडबुड्यांचे घोसच्या घोस वर उसळत होते. काईच्या खांद्यापलीकडे, दूर, उबाल्डोला सगळे दिसत होते: शेवटच्या रांगेतल्या चार-दोन वामांची डोकी वाळूतून जरा वर आली, काईने पाय झाडला, आणि तीही गेली.

वर आल्यावर काईने मुखवटा काढला. त्याच्या कपाळावर लाल वळ उठला होता. "छान आहे रे खाली," तो म्हणाला. "वाळू तर फारच छान."

"तू स्वस्थ पडला नाहीस!"

"मेल्यासारखा पडलो होतो."

"मेलेला माणूस इतक्या लाथा मारत नाही, काई! मी सांगितलं होतं, हलू नकोस. रस्त्यावरच्या गाढवालासुद्धा एवढं समजलं असतं."

"मग पुढच्या वेळी गाढवाला घेऊन ये. त्याला टाकी बांध." काई होडीत चढला आणि जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक, स्वा. वादळाचे महिने तोंडावर आलेत. आमचे लोक मला विचारतात, दगड तयार आहे, मग बसत का नाही? मी काय सांगू? माझ्या मेव्हण्याला वाळूत साप दिसतात म्हणून?"

"वामा."

"बुधवारी बसवतोय दगड. तू नसलास तर लोक म्हणतील, घरात भांडण आहे. तेव्हा ये."

बुधवारी सकाळी उबाल्डो गेला. न जाणे त्याला जमणारे नव्हते. दगड त्याचा होता, कडी त्याची होती, आणि काम कुठलेही असो, ते वेडेवाकडे झालेले त्याला पाहवत नसे. रिकाम्या पिंपांच्या तराफ्याखाली दगड टांगून काईच्या होडीने तो ओढत नेला. एडसेल आपल्या लहान होडीतून मागे आला. समुद्र तेलासारखा संथ होता. जागेवर पोहोचल्यावर काईने काठावरच्या दोन खुणा, चर्चचा मनोरा आणि बर्फाच्या कारखान्याची टाकी, एका रेषेत आणल्या आणि इंजिन बंद केले. मग त्याने तळाला काच बसवलेली आपली लाकडी पेटी पाण्यावर ठेवली आणि आत डोकावले. जाळे असो, नांगर असो की दगड, पाण्यात काही टाकण्याआधी पेटीतून तळ पाहायचा हा या कोळ्यांचा बापजाद्यांपासूनचा शिरस्ता.

"वाळू," तो म्हणाला. "साफ."

इंजिनाच्या धडधडीनंतर दुसरे काय दिसणार, असे उबाल्डोच्या ओठांवर आले होते. पण बोलून बोलून त्याच्या शब्दांची धार गेली होती.

एडसेल तराफ्याजवळ पाण्यात उतरून साखळी कडीला जोडू लागला. एवढ्यात त्याच्या तोंडून एक अस्सल शिवी निघाली. कडीची खीळ त्याच्या ओल्या बोटांतून निसटून पाण्यात गेली होती.

"आता?" काई ओरडला.

"धक्क्यावर जाऊन बघतो. दुसरी कुठली बसली तर बसली." एडसेलने उबाल्डोकडे पाहिले. "ओमो, तुमच्याकडे नसेल एखादी?"

"त्याच्याकडे नसेल?" काई हसला. "त्याच्या खिशात अख्खं दुकान असतं. काढ, स्वा."

जादा खीळ उबाल्डोच्या उजव्या खिशात होती. एक कातली की दुसरी कातून जवळ ठेवायची, ही त्याची विद्यालयापासूनची सवय. तिचा जडपणा त्याला मांडीवर जाणवत होता. खिशात हात घालून ती पुढे करायची, एवढेच काम होते, आणि असे काम त्याने आजवर कधी टाळले नव्हते.

"नाही," उबाल्डो म्हणाला.

"नाही?"

"नाही आणली आज."

काईने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिले. एडसेल पुटपुटत आपल्या होडीत चढला आणि धक्क्याकडे निघून गेला. त्याच्या इंजिनाचा आवाज बारीक होत होत विरला. मग पाण्यावर काहीच आवाज उरला नाही. फक्त पिंपे एकमेकांना लागून मधूनच ठणकत होती. काईने पाव आणि चीजचा तुकडा काढला, अर्धा उबाल्डोला दिला. काई खाऊ लागला. उबाल्डो पाव हातात धरून बसला. या खोटेपणाने काय साधणार होते? एडसेल परत येणार, दगड बसणार. फार तर तासाभराचा उशीर.

खाऊन झाल्यावर काईने हात पाण्यात बुचकळले आणि काही करायला नाही म्हणून पेटी पुन्हा पाण्यावर ठेवली. तो बराच वेळ वाकून राहिला.

"स्वा," तो अखेर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "खाली गवत आहे."

उबाल्डोने पाव खाली ठेवला.

"केवढं गवत! पार तिकडंपर्यंत. प्रवाहावर कसं डुलतंय बघ. मघाशी वाळू होती की रे इथं. मी आंधळा झालो की काय?"

"काई, ते गवत…" उबाल्डोने तोंड उघडले.

"थांब, थांब. ऊन तिरपं होतं मघाशी, म्हणून दिसलं नसेल. आणि तो एडसेल! सपाट, स्वच्छ म्हणाला, मूर्ख. त्या दिवशी माझ्या पायांनी वाळू उडाली होती, नाहीतर मलाच दिसलं असतं." काईने पेटीतून डोके काढले. त्याचा चेहरा खरोखरीच चिंतेचा होता. "इथं दगड नाही टाकता यायचा."

"का?" उबाल्डोने विचारले. त्याला का ते माहीत होते. तरी काईच्या तोंडून ते ऐकायचे होते.

"का म्हणजे? गवतावर दगड टाकतं का कुणी? गवतात शंख वाढतात, बारीक मासळी वाढते. माझा बाप म्हणायचा, गवत मोडलंस तर पोराच्या ताटातलं उचललंस. गवताला काय पाय आहेत, उठून दुसरीकडं जायला? पलीकडं न्यावा लागेल दगड. त्या खडकाळ भागाच्या पुढं. साखळी थोडी लांब लागेल, एवढंच."

गवताला पाय नसतात आणि वामेला शेपूट असते. उबाल्डोला एकाएकी सगळा हिशेब उलगडला. किती दिवस तो पुरावा शोधत होता, आणि पुरावा मिळाला असता तर काई म्हणाला असता, मग सरकतील.

"बघ तूच," म्हणत काईने पेटी त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः तराफ्याची दोरी सोडवायला पाठ फिरवली.

उबाल्डो वाकला. काचेखाली मैदानच्या मैदान उभे होते. टाकी पाठीवर घेऊन त्याने ते असे अखंड कधीच पाहिले नव्हते. त्याच्या स्वतःच्या बुडबुड्यांनीही जवळच्या रांगा नेहमी खाली जात. इथे एकही रांग मोडलेली नव्हती. तेवढ्यात धक्क्याकडून एडसेलच्या इंजिनाची धडधड सुरू झाली. ती जवळ येऊ लागली, तसे मैदानाच्या कडेचे गवत वाळूत शिरू लागले. मग त्याच्या अलीकडचे. एखादी चादर कुणी हळूच ओढून घ्यावी तशी ती लाट त्याच्या डोळ्यांसमोर सरकत होती.

काई हातभर अंतरावर होता. 'काई, बघ!' एवढे दोन शब्द पुरे होते. काई वळला असता, वाकला असता, त्याने गवताला बिळात पळताना पाहिले असते, आणि उबाल्डो इतके दिवस खरे बोलत होता हे त्याला सगळ्या धक्क्यादेखत कबूल करावे लागले असते.  त्याने काचेकडे पाहत दात आवळले आणि शेवटचे पाते वाळूत नाहीसे होईपर्यंत तो तसाच वाकून राहिला. मग त्याने पेटी उचलून होडीत उपडी ठेवली.

"आहे ना गवत?" काईने विचारले.

"आहे," उबाल्डो म्हणाला.

एडसेल रिकाम्या हाताने आला होता. खिळीचे माप कुठलेच जुळले नव्हते. दगड हलवायचा आहे असे ऐकल्यावर तर त्याने कपाळावर हातच मारला. तराफा ओढत नेऊन खडकाळ भागापलीकडे उभा केल्यावर उबाल्डोने उगाचच खिसे चाचपले आणि खीळ बाहेर काढली.

"अरे, होती की," तो म्हणाला.

काई आणि एडसेल, दोघांनीही त्याच्याकडे पाहिले. "म्हातारा झालास, स्वा," काई कीव आल्यासारखा म्हणाला.

रविवारच्या जेवणाला काई खुशीत होता. दगड पक्का बसला होता, साखळी पुरली होती. निल्व्हाच्या दोन शेजारणीही त्या दिवशी जेवायला होत्या, आणि काईला ऐकणारे मिळाले की त्याच्या अंगात येई.

"आता मला सांगा," तो फुंचीचा गोळा मोडत म्हणाला, "हा माणूस जन्मभर समुद्राच्या पोटात शिरून बसतो. सगळ्या जगाला मासे दाखवतो. आणि स्वतःच्या दारातलं गवत ह्याला कधी दिसलं नाही! वर म्हणतो काय, वामा आहेत म्हणे. शेकडो! मला खाली नेऊन दाखवल्या. काय दाखवलं? वाळू!"

शेजारणी हसल्या. निल्व्हा हसली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले. हा माणूस चुकीचा आकडासुद्धा दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे.

 उबाल्डोने सुपात चमचा बुडवला, वर उचलला, आणि तार तुटेपर्यंत वाट पाहिली.

"पण आता पटलं ना, गवत आहे ते?" काईने विचारले. "सांग सगळ्यांना. सांग की!"

"गवतच आहे," उबाल्डो म्हणाला. "आणि कुणी तिथं नांगरसुद्धा टाकता कामा नये."

"हे आता शहाण्यासारखं बोललास," काई म्हणाला आणि त्याने माशाचा मोठा तुकडा स्वतःच्या हाताने उबाल्डोच्या ताटात वाढला.